दूध मी कालवलं होतं

अक्का,

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "दूध करून ठेवत होता का?" मी म्हणालो, "नाही. दर वेळी ताजं." हे खोटं होतं. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही दिलं होतं बाळाला?" तेव्हा मी तुझं नाव घेतलं. म्हणालो, "माझ्या बहिणीनं गुटी चाटवली होती." हे खरं होतं. एक खोटं आणि एक खरं एका दमात बोलून मी खुर्चीवरून उठलो. तिथून पुढं तुझं जे आयुष्य झालं, ते त्या दोन वाक्यांनी झालं.

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. ऑफिसात लोक येऊन हात हातात घेतात, म्हणतात, मोठ्या बहिणीनंच वाढवलं ना तुम्हाला. मी मान हलवतो. थकवा इतका आहे की मान हलवणंसुद्धा जास्तीचं काम वाटतं. हा थकवा तुझ्या जाण्याचा आहे, असं घरच्यांना वाटतं. थोडा तो आहेही. पण बराचसा जुना आहे. एखादी जड वस्तू वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर वाहिली की ती खाली ठेवल्यावरही खांदा वाकडाच राहतो, तसा.

तू आणि भावजींनी परभणीकडचं गाव सोडून मुंबईच्या वेशीवर काशीगावात खोली घेतलीत, आणि वर्षभरात मला बोलावून घेतलंत. भावजी गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. तू बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची कामं धरलीस आणि माझं शिक्षण थांबू दिलं नाहीस. काशीगावातली, मिऱ्यातली, हायवेच्या कडेच्या चाळींतली किती पोरं तुझ्या लांबवलेल्या पायांवर पालथी पडून रडली असतील! मराठवाड्यातल्या बाया तुला बोलवायच्याच, पण गावातल्या आगरी बायाही बोलवायच्या, आणि नंतर नंतर नव्या बिल्डिंगींतल्या गुजराती सुनाही. तुझं हिंदी ऐकून मला हसू यायचं. "बच्चे को आडवा पकडो, उभा पकडेंगे तो मान डुगडुग करेगी." त्यांना सगळं समजायचं. तुझा तळवा बाळाच्या टाळूवर तेल भरायला लागला की बाळ गप्प व्हायचं आणि त्याच्या आईचा चेहराही सैल पडायचा.

मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात वन-रूम-किचन घेतलं. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा बाथरूमचा नळ सोडून पाहिलास. फुस्स करून हवा आली. "चाळीत रांग तरी हाय," तू म्हणालीस. "हितं रांगच न्हाई, मंग पानी कुठून येणार?" खरंच, तेव्हा तिकडं पाणी टँकरचं होतं. खाली टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यावर. आम्ही ते दोन निळ्या ड्रमांत भरून ठेवायचो.

आमचं पहिलं बाळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला झालं. दिवस पुरे भरले नव्हते. एवढंसं, लालसर, अंगावर लव. शोभाला टाके पडले होते, ताप येत होता, दूध पुरत नव्हतं. नर्सिंग होममधून सोडताना सांगितलं, अंगावर पाजत राहा, कमी पडेल तेवढं वरचं दूध द्या. मी डब्याचं पावडरचं दूध आणलं. शोभाला आई नव्हती. बाळंतपण तुझ्याकडंच आलं. पण सकाळच्या तुझ्या बांधलेल्या आंघोळी असायच्या. त्या आटपून तू पार काशीगावाहून यायचीस, तोवर दुपार कलायला लागायची. आणि मला ऑफिस होतं.

म्हणून मी एक सोय काढली. अक्का, मला त्या सोयीचा अभिमान होता. हे इथं लिहायलाच हवं, नाहीतर मी साधी चूक केली असं वाटेल. सकाळी उठून मी पाणी उकळायचो, चांगलं खळखळून. बाटली, बूच, चमचा सगळं उकळायचो. मग पाणी कोमट होऊ द्यायचो, कारण गरम पाण्यात पावडरीच्या गुठळ्या होतात. डब्यातल्या चमच्यानं मोजून पावडर कालवायचो. आणि दिवसभराचं दूध आमच्या लग्नात आलेल्या थर्मासात भरून बूच घट्ट लावायचो. शोभाला उठून स्टोव्ह पेटवायला नको, तुला रॉकेल जाळायला नको, ड्रममधलं पाणी सांडायला नको. बाळ रडलं की थर्मास वाकडा करायचा, बाटली भरायची. दूध आयतं कोमट.

पहिल्याच दिवशी तू थर्मासचं बूच काढून वास घेतलास.

"सकाळचंच हाय का रं हे?"

"हो. मी करून ठेवलंय."

"कोमट दूध झाकून ठिवलं की आमच्याकडं दही लागतंय, मिलिंदा."

शोभाही हसली. मी म्हणालो, "अक्का, हे म्हशीचं दूध नाही. ही पावडर आहे. सीलबंद डब्यातली. पाणी उकळलेलं. यात नासायला आहे काय?"

"तू शिकलेला हायस बाबा," तू म्हणालीस, आणि बाटली भरलीस. चेष्टाच केली होती तू. पटलं नाही म्हणून भांडली नाहीस. माझ्या शिक्षणावर तुझाच तर सगळ्यात जास्त विश्वास होता. तुझ्याच हातांनी उभं राहिलेलं होतं ते.

भांडलो आपण ते गुटीवरून. तू सहाण आणलीस, वेखंड, मायफळ, हळकुंड, खारीक घेऊन आलीस. मी म्हणालो, हे असलं काही या घरात चालणार नाही. तू म्हणालीस, "तुला बी दिलीय मी. मेलास का?" मी म्हणालो, तो काळ वेगळा होता. तू सहाण पिशवीत घातलीस. आणि एक दिवस मी ऑफिसात असताना बाळाचं पोट फुगलेलं पाहून उगाळून एक बोट चाटवलंस. संध्याकाळी मला तूच सांगितलंस. लपवलं नाहीस. मी पुष्कळ बोललो. तू पदर खोचत ऐकत राहिलीस आणि शेवटी म्हणालीस, "बरं बाबा. ह्या पुढं न्हाई."

डॉक्टर आजही सांगतील, गुटी देऊ नका. त्या भांडणात माझी बाजू चुकीची नव्हती. पुढं तीच मला उपयोगी पडली.

त्यानंतर काही दिवसांनी बाळ प्यायचं थांबलं. रडणं बदललं, बारीक आणि कर्कश झालं. तू त्याला पायावर घेतलंस, टाळूवर तळवा ठेवलास आणि तसाच ठेवून बसलीस.

"टाळू वर आलीय," तू म्हणालीस. "रिक्षा बोलव."

बालरोगतज्ज्ञांच्या छोट्या हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पाठीतलं पाणी काढून मुंबईला तपासायला पाठवलं. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, रक्तात जंतू आहेत, असं सांगितलं. रिपोर्ट यायच्या आधी बाळ गेलं. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. तू त्याला सोन्या म्हणायचीस, तेवढंच.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. एकट्याला. म्हणाले, "हा जंतू सहसा दिसत नाही. म्हणून विचारतो. पावडर कशी कालवत होता? करून ठेवत होता का?"

ते आरोप करत नव्हते. आवाज मऊ होता. पण त्या क्षणी मला तुझं दह्याचं बोलणं ऐकू आलं. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, अक्का. विज्ञान कळलं नसेल, पण आपण काय केलं ते कळलं. आणि मी म्हणालो, "नाही. दर वेळी ताजं."

"डबा आहे का घरी?"

"टाकून दिला." डबा ओट्यावर होता.

मग गुटीचं सांगितलं. डॉक्टरांनी उसासा टाकला, कागदावर काहीतरी लिहिलं, म्हणाले, "घरातल्या बायकांना किती सांगायचं!" मी मान हलवली.

मी घरी येऊन उरलेली पावडर मोरीत ओतली. रिकामा डबा तू उचललास, धुतलास, पुसलास. "चांगला हाय, टाकतो कामून?" असं तू कुठल्याही डब्याला म्हणायचीस. त्या दिवशी काही न बोलता पिशवीत घातलास.

शोभानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणालो, "जंतू. गुटीबद्दल विचारत होते." बस, एवढंच म्हणालो. तिनं तुझ्याकडं पाहिलं. ती दुःखानं अर्धी झाली होती, तिचा दोष नाही. म्हणाली, "अक्का, तुमच्या हातांनी घातलंत माझ्या बाळाला. कुठून कुठून आंघोळी घालून यायचात, त्याच हातांनी." तू हात समोर धरून पाहिलेस. दोन्ही बाजूंनी, एखादी बाई धुतलेलं भांडं पाहते तसे. मी खिडकीपाशी उभा होतो. खाली टँकर आला होता. मी म्हणालो, "पाणी आलंय," आणि बादल्या घेऊन निघून गेलो.

तुला आठवत असेल, मी खाली खूप वेळ लावला. वर आलो तर तू गेली होतीस.

गोष्ट काशीगावात पोहोचायला वेळ लागला नाही. कौसल्याबाईनं गुटी देऊन सख्ख्या भावाचं पोर घालवलं. बोलावणी कमी झाली. पण ती बंद व्हायच्या आधी तूच काम सोडलंस, हे मला सिंधूबाईनं नंतर सांगितलं. तीच, तुझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिच्या जावेचं बाळंतपण होतं, ती स्वतः बोलवायला आली होती, आणि तू म्हणालीस, "माजा हात नगं." हाटकेशला एका गाळ्यात बॉलपेनच्या रिफिली भरायच्या कामाला लागलीस. बोटं निळी व्हायची. साबणानं, रॉकेलनं, कशानंच तो निळा रंग पुरता जायचा नाही.

मी येत राहिलो तुझ्याकडं, सणावाराला, चौदा एप्रिलला. तू भाकरी करायचीस, निळ्या बोटांनी थापलेली. मी खायचो. आपण गावाकडच्या जमिनीबद्दल बोलायचो, माझ्या बढतीबद्दल बोलायचो. तू मला एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं, तू विचारलंस तर मी सांगेन. आता वाटतं, तुझ्या मनात विचारायला काही शिल्लकच नव्हतं. तू निकाल मान्य केला होतास.

नव्वदनंतर आमची सुजाता झाली. पुऱ्या दिवसांची, गुबगुबीत, शोभाला दूध भरपूर. तू पाहायला आलीस आणि दारातच उभी राहिलीस. शोभानं, खरंच मनापासून, म्हटलं, "या ना अक्का, घ्या तिला." तू दोन्ही हात वर करून दाखवलेस. "शाई लागलीय. लांबूनच बघते." हसत म्हणालीस. सुजाताला झबलं आणलं होतंस, तेही कागदात गुंडाळलेलं, कागदासकट शोभाच्या हातात दिलंस.

त्याच आठवड्यात मी सुजाताला त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांचे केस थोडे पांढरे झाले होते. मी विचारलं, कधी गरज पडली तर पावडरचं दूध द्यायचं का. ते चष्मा काढून बसले आणि मला समजावून सांगायला लागले. म्हणाले, लोकांना वाटतं सीलबंद डबा म्हणजे निर्जंतुक. तसं नसतं. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी पावडरीत एखाददुसरा जंतू कोरडाच पडून राहू शकतो. पाणी उकळलं तर पाण्यातले मरतात. पण ते पाणी कोमट करून मग पावडर घातली, तर पावडरीतल्याला काही होत नाही. उलट त्याला ओल मिळते, ऊब मिळते. ते दूध तसंच कोमट ठेवलं की तो वाढतच जातो. मोठ्या बाळाला बहुधा काही होत नाही. पण दिवस न भरलेल्या बाळाला तो पेलत नाही. "म्हणून गरम पाण्यात कालवायचं, लगेच निववायचं, लगेच पाजायचं, उरलं की ओतून द्यायचं. बाहेरच्या देशांत अशी काही बाळं दगावली आहेत, आता त्यावर लिहून येतंय."

मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या पहिल्या बाळाच्या वेळी मला तीच शंका आली होती. म्हणून विचारलं होतं, करून ठेवता का. तुम्ही नाही म्हणालात."

मी सुजाताचं टोपडं सारखं करत राहिलो. त्यांनी परत विचारलं नाही. विचारलं असतं तर? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याला धार राहिलेली नाही. त्यांनी विचारण्याची गरज काय होती? तोंड माझं होतं.

पुढच्या रविवारी मी काशीगावला आलो. ठरवून आलो होतो. तू दारात लसूण सोलत बसली होतीस.

"आज कसा काय? सण न्हाई, वार न्हाई."

"सहज."

"सहज माणूस हायवे वलांडून येत न्हाई. शोभाशी भांडलास?"

"नाही गं."

"मंग काय सांगाया आलास?"

मी तुझ्या बोटांकडं पाहिलं. लसणाच्या पांढऱ्या पाकळ्या आणि ती निळी नखं. तुला सांगायचं म्हणजे शोभालाही सांगायचं होतं, म्हणजे घरात माझ्याकडं बघणारे दोन डोळे कायमचे बदलणार होते. सुजाता नुकती झालेली. मी म्हणालो, "काही नाही. पंखा चालतोय का बघायला आलो." तू पंख्याकडं पाहिलंस. तो फिरत होता. आपण जेवलो.

वंदनेच्या वेळी विहारात मी तुझ्या शेजारी बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज दर वेळी खाली जायचा. तू एकदा कोपर मारून म्हणालीस, "मोठ्यानं म्हण की. लाज वाटती काय?"

या वर्षी तुझा श्वास लागायला लागला. पाय सुजले. हृदय मोठं झालंय म्हणाले. तुला भाईंदरच्या हॉस्पिटलात ठेवलं. गाळ्यातलं काम सुटून काही आठवडे झाले होते, आणि मी पाहिलं, तुझी बोटं स्वच्छ झाली होती. कितीतरी वर्षांनी. चादरीवर ती अगदी परकी दिसत होती.

दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिची सून तान्हं बाळ घेऊन आली होती. ते रडायला लागलं आणि तू मान फिरवून भिंतीकडं तोंड केलंस. तेव्हा मला राहवलं नाही. मी स्टूल ओढून जवळ बसलो आणि म्हणालो, "अक्का, सोन्या गुटीनं नाही गेला."

तू वळली नाहीस.

"डॉक्टर म्हणाले. पावडरीतच जंतू असतात. बंद डब्यातसुद्धा. थर्मासात राहून वाढले."

मग म्हणालीस, "मंग तवा कामून न्हाई सांगितलं त्यांनी?"

इथं, अक्का. इथं वाट अगदी सरळ होती. तू स्वतः उघडून दिली होतीस. आणि मी म्हणालो, "तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं."

तू माझ्याकडं वळलीस. डोळ्यांत पाणी नव्हतं. एक प्रकारचं नवल होतं. "म्हंजी कुनाचीच चूक न्हवती म्हन की."

"नाही अक्का. कुणाचीच नाही."

"कुनाचीच न्हाई," तू स्वतःशी म्हणालीस. मग माझ्या गालाला हात लावलास. "तू लई दिवस डोक्यात ठिवलंस दिसतंय. कसा वाळलास बघ."

माझं सांत्वन तू केलंस! ते मी करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तू सांगितलंस, सुजाताला आण, आणि तेल, फणी आण. शोभा तिला शाळेतून थेट घेऊन आली. तू उशीला टेकून बसलीस, पोरीला पुढ्यात घेतलंस आणि तिच्या डोक्यावर तेल घातलंस. तळवा टाळूवर गोल गोल फिरवत राहिलीस. सुजाता म्हणाली, "आत्या, गुदगुल्या होतात." तू म्हणालीस, "मोठी झालीस, तरी आत्याचं देणं राहिलंय." शोभा खिडकीकडं तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. तुझ्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तू काहीतरी गुणगुणत होतीस, आंघोळीच्या वेळी बाळांशी बोलायचीस तसलं बिनअर्थाचं. अर्ध्या सत्यानं एवढं झालं. पूर्ण सांगितलं असतं आणि वेळेवर सांगितलं असतं, तर तुझे ते सगळे मधले दिवस शाईत गेले नसते. मी त्या दिवशी आनंदात होतो, हे कबूल करतो. त्या आनंदाचाही मला आता शीण येतो.

त्याच आठवड्यात तू गेलीस.

जलदानविधीच्या आधी तुझी खोली आवरायला मी आणि शोभा काशीगावला आलो. फळीवर, मागे सरकवलेला, तो डबा होता. रंग उडालेला, पण बाळाचं चित्र अजून ओळखू येत होतं. आत सहाणेचा छोटा तुकडा, वेखंड, मायफळ, खारकेची बी. आणि पावडर मोजायचा तो प्लास्टिकचा चमचा. तू सगळं एकत्र करून झाकण लावून ठेवलं होतंस. वेखंडाचा वास अजून होता.

शोभानं चमचा हातात घेतला. "हा तो?"

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, ओट्यावरचा डबा, नंतरचं समजावणं, तुला शेवटी काय सांगितलं ते. बोलून झाल्यावर ती चमच्याकडंच पाहत राहिली. म्हणाली, "थर्मास मीही बघत होते. मीही हसले होते." मग म्हणाली, "पण मी त्यांना जे बोलले, ते तुम्ही ऐकत उभे होतात."

"हो."

"मग पाणी भरायला गेलात."

"हो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. डब्याचं झाकण लावलं. मी म्हणालो, "शोभा, मला…" तिनं हात वर केला. "आत्ता मला नका सांगू. ज्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं, त्यांना सांगा. तिथं सांगा."

मी हो म्हणालो. आणि तरीही, अक्का, विहारात जाताना माझ्या मनात जे भाषण होतं, ते वेगळंच होतं. तुझे कष्ट, माझं शिक्षण, तुझी भाकरी. सगळं खरं आणि सगळं सोयीचं.

विहार भरला होता. फोटोपुढं मेणबत्त्या होत्या, त्यात तू जरा रागावलेली दिसत होतीस, कारण फोटो काढणाऱ्यानं तुला तीनदा बसवलं होतं. वंदना झाली, बौद्धाचार्यांनी विधी केला. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागले. सिंधूबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले.

"कौसल्याबाईच्या पायावर माझी दोन्ही पोरं न्हाली," ती म्हणाली. "तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पुढं जे झालं ते आपण सगळे जाणतो. होतं माणसाकडून. मुद्दाम कोणी करत नाही. आज ती नाही, तर मी म्हणते, आपण सगळ्यांनी ते मनातून काढून टाकूया. तिला माफ करूया."

बायांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, "खरंय." सगळ्यांचे चेहरे मऊ झाले होते. ते तुला माफ करत होते, अक्का. तुझ्या फोटोसमोर, मेणबत्त्या लावून, डोळे पुसत.

माझं नाव पुकारलं. मी उठलो. शोभा बायांच्या रांगेत होती, सुजाता तिच्या मांडीशी. शोभानं माझ्याकडं पाहिलं, आणि पाहत राहिली. पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवलं, ते मी बोललो नाही. तुझ्या फोटोकडं तोंड केलं. मग वाटलं, हे त्यांच्याकडं तोंड करून बोलायला हवं. वळलो, आणि जे बोललो ते असं होतं:

"सिंधूबाई, माझ्या बहिणीला माफ करू नका. तिनं काही केलेलं नाही. माझं बाळ तिच्या गुटीनं गेलं, असं तुम्ही ऐकलंय. ते मी तुम्हाला ऐकू दिलं. दूध मी कालवलं होतं. सकाळी करून दिवसभर थर्मासात मी ठेवायचो. डॉक्टरांचा संशय त्या दुधावर होता. त्यांनी मला सरळ विचारलं, आणि मी खोटं बोललो आणि तिचं नाव पुढं केलं. नंतर डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं, तरी मी गप्प बसलो. ती मरायला टेकली होती तेव्हाही मी तिला अर्धंच सांगितलं. म्हणालो, कुणाचीच चूक नव्हती. माझी होती. शोभा, तुझा राग मी तिच्यावर जाऊ दिला. माझं चुकलं. अक्का, तुझे हात स्वच्छ होते. मला माफ कर."